विंडोज आणि लिनक्सच्या सामायिक फोल्डरमध्ये परवानग्यांचा मेळ कसा घालावा

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये बिले विंडोजवर होतात आणि सर्व फाइली माळ्यावरच्या उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातलेल्या जुन्या संगणकावर, सांबामार्फत (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणारी सेवा), साठवल्या जातात. ऐन एप्रिलमध्ये, वाशीची गाडी भरायला उभी असताना, सकाळच्या पाळीतील मुलाने केलेली पेट्यांची यादी संध्याकाळच्या मुलाकडे ‘रीड-ओन्ली’ उघडू लागली. घाईघाईत मी संपूर्ण फोल्डरला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व काही करण्याची मुभा, देऊन टाकले. गाडी वेळेवर सुटली, पण आठवड्याभरात हंगामी कामगाराच्या हातून मागच्या वर्षीचा हिशेब पुसला गेला, आणि त्याला अडवणारे काहीच मी शिल्लक ठेवले नव्हते.

मुळात दोन्ही प्रणालींची परवानगीची कल्पनाच निराळी आहे. लिनक्स प्रत्येक फाइलीचा एक मालक आणि एक गट लक्षात ठेवते, तोही नावाने नव्हे तर क्रमांकाने, आणि मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १ अशी बेरीज करते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत मात्र प्रत्येक फाइलीसोबत कोणाला काय करता येईल याची एक यादीच असते आणि ती बहुधा वरच्या फोल्डरकडून वारशाने येते. शिवाय लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरील लेखनाच्या परवानगीवर ठरतो. माझी चूक नेमकी इथेच भोवली.

तेव्हा सुरुवात गटापासून करावी. ‘बाग’ नावाचा गट तयार करून ज्यांना खरोखर लिहायचे आहे त्यांनाच त्यात घालावे, फोल्डरचा गट ‘बाग’ करावा आणि त्याला २७७० ही परवानगी द्यावी. यातील पहिला २ महत्त्वाचा, कारण त्यामुळे आत निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल, ती कोणीही केलेली असो, ‘बाग’ गटाचीच राहते.

एवढ्याने भागत नाही. सांबामध्ये ‘क्रिएट मास्क’चे मूळ मूल्य ०७४४ असते, म्हणजे विंडोजवरून आलेल्या नव्या फाइलीवर गटाला केवळ वाचण्याची मुभा उरते, आमच्या यादीचे दुखणे हेच होते. सांबाच्या संरचना फाइलीत, त्या सामायिक फोल्डरच्या विभागात, ‘क्रिएट मास्क’ ०६६०, ‘डिरेक्टरी मास्क’ (नव्या फोल्डरांसाठी) २७७० आणि ‘फोर्स ग्रुप’ म्हणून ‘बाग’ लिहावे व सेवा पुन्हा सुरू करावी. थेट लिनक्सवर बसून कोणी फाइली करणार असेल, तर त्यांना सांबाचे हे नियम लागू होत नाहीत आणि उमास्क (नव्या फाइलीवरून कोणत्या परवानग्या काढायच्या तो आकडा) ०२२ असल्यास गटाचा लेखनाधिकार गळतो, म्हणून फोल्डरवर सेटएफएसीएल (setfacl) या आज्ञेने गटाची ‘डिफॉल्ट’ परवानगीही नोंदवावी.

जुन्या फाइली एकदाच हाताने सुधाराव्या लागतात. तिथे सरसकट ६६० लावू नये, कारण फोल्डरमध्ये शिरण्यासाठी ‘चालवणे’ ही परवानगी लागते आणि ती काढली की फोल्डर मालकालाही बंद होतो. परवानगी बदलणाऱ्या चमॉड (chmod) या आज्ञेत मोठा एक्स (X) वापरावा. तो फोल्डरांना ही परवानगी देतो, पण ज्या साध्या फाइलींवर ती आधी कोणालाच नाही त्यांना देत नाही; ७७७ दिलेल्या फाइलींवरून ती आधी काढून घ्यावी.

बदलानंतरही नकार येत असेल तर आधी लॉगआउट करून पाहावे. गटातील नवे सदस्यत्व पुढच्या लॉगिनपासूनच लागू होते आणि विंडोजही जुनी जोडणी धरून बसते. मी यातच एक दुपार घालवली आहे.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कची गोष्ट वेगळी. एक्सफॅट या फाइलव्यवस्थेत मालक-गट साठवण्याची सोयच नाही, त्यामुळे तिथे चमॉड करणे व्यर्थ. ती डिस्क माउंट करतानाच, म्हणजे लिनक्सला जोडतानाच, यूआयडी (मालकाचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक) आणि उमास्क ठरवावे लागतात. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेची डिस्क दुसऱ्या लिनक्सवर नेल्यास मालकाचा क्रमांक तसाच जातो, आणि उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असल्याने तिथला कोणी अनोळखी १००० आपल्या फाइलींचा मालक दिसू लागतो.

शेवटी दोन्ही पाळींच्या खात्यांतून एकेक कोरी फाइल करावी, एकमेकांची उघडून बदलावी आणि लिनक्सवर तिची परवानगी ६६० व गट ‘बाग’ आहे का ते पाहावे. हे हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच उरकावे.