टाउन प्लॅनिंगला जाताना कोकणातून काय घेऊन निघायचं

बारावीनंतर नगररचना आणि प्रादेशिक नियोजन शिकायचं मनात असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे गणित सोडू नका. केंद्राच्या संस्थांत बी.प्लॅनिंगला (नियोजनाच्या पदवीला) जायचं तर जेईई मेनचा पेपर २-बी द्यावा लागतो आणि त्यात गणित, अ‍ॅप्टिट्यूड आणि नियोजनाचे प्रश्न असतात. चित्रकलेचा भाग बी.आर्कच्या पेपरात असतो, त्यामुळे हात चित्रकलेत बसत नाही म्हणून कोणी मागे हटू नये. पदवी चार वर्षांची. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ती करता येते, आणि घराच्या त्यातल्या त्यात जवळ म्हणजे पुण्याच्या सीओईपीत (पूर्वीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात). परीक्षेबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. माझी कळकळ आहे ती दुसऱ्या तयारीबद्दल.

निघण्याआधी आपलं गाव वाचायला शिका. कोकणातलं गाव सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, उतरत उतरत खाडीला मिळतं, वाड्यावाड्यांत विखुरतं, आणि दोन वाड्यांना जोडणारी पाखाडी (पायवाट) बऱ्याचदा कोणत्याच नकाशात नसते. हे तुम्हाला आधीपासून माहीत असेल, तर सपाट शहराचे नियम इथे लावताना कुठे अडेल ते तुम्ही वर्गात सांगू शकाल. तसं सांगणारं कोणीतरी त्या वर्गात असायलाच हवं.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. घरचा उतारा काढा आणि वडीलधाऱ्यांसोबत बसून एकेक रकाना समजून घ्या. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं, बोलताना मात्र आपण गुंठे म्हणतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. मग त्या उताऱ्यावरची नावं मोजा. त्यातली किती माणसं गावात राहतात आणि किती मुंबईला, हेही लिहा. सामाईक जमिनीतून रस्ता काढायचा तर संमती कोणाकोणाची लागते, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. गावनकाशाही मिळवा. गावठाण कुठे संपतं, वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन कुठे आहे, खाडीचं खारं पाणी अडवणारा खारभूमीचा बांध कुठून जातो, हे नकाशा हातात घेऊन चालत बघा.

पाण्याची वही वेगळी ठेवा, आणि ती एका ऋतूत पुरी करू नका. जुलैत पऱ्ह्या (पावसाळी ओढा) कुठून फुटतो, कोणत्या मोरीत पाणी तुंबतं, कोणाच्या अंगणात चढतं ते टिपा. मग एप्रिल-मेमध्ये त्याच वाटेने जा आणि कोणती विहीर आटली, टँकर कुठपर्यंत पोचतो ते टिपा. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात टँकर का लागतो, याचं उत्तर जांभ्याच्या सड्यात आणि तीव्र उतारात आहे, पाणी मुरवण्याच्या जागा आपण बुजवल्या त्यातही आहे. जमलं तर चिपळूणला एक दिवस द्या. २००५ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा तिथले दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतात. वाशिष्ठीत सह्याद्रीवरचा पाऊस उतरतो, कोयनेचं अवजल, म्हणजे वीज काढून सोडलेलं पाणी येतं, आणि खालून खाडीची भरती चढते. या तिन्ही गोष्टी एका नकाशावर काढून पाहा. प्रादेशिक नियोजन कशासाठी लागतं ते त्या कागदावर दिसेल, कारण यातली एकही गोष्ट नगरपरिषदेच्या हद्दीत संपत नाही.

किनाऱ्यावरच्या मुलांनी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला मर्यादा घालणारी, २०१९ ची अधिसूचना मिळवून स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये. ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, नाहीतर २०० मीटर, अशी त्यात विभागणी आहे. तुमच्या गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ घेऊन भागाकार करा. गाव कोणत्या बाजूला पडतं ते कळलं, की कोळीवाड्यातल्या घरांचं, होड्या ओढायच्या आणि मासळी सुकवायच्या जागांचं काय होतं, ते तिथल्या बायकांना विचारा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

कायद्यांत फक्त एकाची तोंडओळख पुरे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. प्रादेशिक योजना आणि विकास योजना यांतला फरक, आरक्षण म्हणजे काय, हरकती-सूचना कधी मागवतात, एवढं कळलं तरी चालेल. बाकीचं कॉलेज शिकवेल. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाका आणि गावच्या विहिरींचा एक थर स्वतः तयार करून बघा.

आणि कागदपत्रं. यातच आपल्याकडची हुशार मुलं अडकतात. दिल्ली-भोपाळच्या जागा जोसामार्फत (केंद्राच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून) भरल्या जातात आणि तिथे ओबीसी-नॉन क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं. राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्रही नव्या वर्षाचंच लागतं. राज्यातल्या राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते, तिचा अर्ज बारावीचं वर्ष सुरू होताच टाका. तालुक्याला खेपा घालाव्या लागतील, म्हणून सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि स्कॅन केलेल्या प्रती आधीच करून ठेवा.