बाबांचा दम आवाजावरून ओळखायचा असेल तर

माझ्या बाबांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागण्याचा आजार) आहे आणि दम वाढला की ते कधीच सांगत नाहीत, विचारलं की "काही नाही रे, बरा आहे". पण ताई फोनवर लगेच ओळखते, कारण बोलता बोलता वाक्य तुटून राहते. तेच आम्ही आता रोज मोबाईलवर रेकॉर्ड करतो.

वेळ एकच ठेवा. आमची सकाळची, इन्हेलरच्या आधी, खुर्चीत ताठ बसून, मोबाईल तोंडापासून एक वीत लांब. उन्हाळ्यात कूलर बंद करा, नागपुरात हेच सगळ्यात अवघड आहे बाप्पा, पण त्या घरघरीत श्वास ऐकूच येत नाही आणि आवाज मोजणारं ॲप असेल तर तेही गोंधळते.

आधी पूर्ण श्वास घेऊन "आऽऽ" म्हणायचं, किती सेकंद टिकला ते लिहा. मग एका श्वासात आकडे मोजायचे, मेट्रोनोम ॲप (टक-टक ठेका देणारं) १२० वर लावून, म्हणजे सेकंदाला दोन, नाहीतर बाबा नंबर वाढवायला राजधानी सोडतात. शेवटी रोज तोच चार ओळींचा मजकूर वाचायचा आणि श्वासासाठी किती वेळा थांबले ते मोजायचं, मला तर हेच सगळ्यात कामाचं वाटतं. चक्कर आली की लगेच थांबा.

पहिले दोन आठवडे तब्येत बरी असतानाचे आकडे घ्या, पुढची तुलना त्यांच्याशीच, शेजारच्या काकांशी नाही. एक दिवस आकडा पडला म्हणून घाबरू नका, सर्दीनेही पडतो, आणि स्टेरॉइडच्या इन्हेलरने घसा बसतो (पफनंतर गुळण्या करायच्याच). पण दोन-तीन दिवस घसरतच चाललाय, सोबत खोकला वाढला किंवा बेडक्याचा रंग बदलला, तर डॉक्टरांना फोन करा, आवाज चांगला असला तरी त्रास वाढला तर कराच. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा किती हवा तेही डॉक्टरांनाच विचारून ठेवा, सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना ८८ ते ९२ ठेवायला सांगतात, ९८ च्या नादात घरच्या ऑक्सिजनचा फ्लो स्वतः वाढवू नका. एक वाक्यही पूर्ण होत नसेल, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत वाटला तर रेकॉर्डिंग गेलं खड्ड्यात, सरळ १०८.

आणि फाईलला तारखेचंच नाव द्या, आमच्याकडे "बाबा नवीन", "बाबा नवीन २" अशा इतक्या झाल्या होत्या की डॉक्टरांसमोर शोधताना मलाच दम लागला.