गॅस येतोय म्हणून हुरळून जाण्याआधी: मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी या चुका टाळा

नैसर्गिक गॅसवर बैठक लागली की एक प्रश्न हमखास येतो: "रॉयल्टी किती मिळणार?" मराठवाड्याला काहीच नाही. इथे गॅस निघत नाही. राज्याच्या किनाऱ्यासमोर १९७४ साली मुंबई हाय सापडलं, पण ते समुद्रात. तिथली रॉयल्टी केंद्राच्या तिजोरीत जाते. जमिनीवरच्या विहिरींची राज्यांना मिळते, ती गुजरात-आसामसारख्यांना. तेव्हा जिल्ह्याच्या आराखड्यात 'गॅस उत्पादन' हे प्रकरण घालून पानं भरू नका. आपल्याकडचे प्रश्न पाइपचे, जमिनीचे, कराचे आणि प्रेसमडचे, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे.

"राज्याचा कायदा करून टाकू"

राज्यसूचीत 'गॅस आणि गॅस कारखाने' अशी २५ क्रमांकाची नोंद आहे. ती दाखवून कुणीतरी ही सूचना करतंच. गुजरातने २००१ मध्ये हेच केलं होतं. नैसर्गिक गॅस हा केंद्राचा विषय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आणि तो कायदा टिकला नाही. पुढे २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. शहरात गॅस कोण वाटणार हे तेच ठरवतं. महापालिकेने ठराव करून कंपनी बदलता येत नाही.

राज्याच्या हातात उरतं ते व्हॅट, रस्ते खोदायची परवानगी, सरकारी जागा आणि रस्ता दुरुस्तीचे दर. ते थोडं नाही. फाइल सहा महिने टेबलावर पडली की कंपनीचं जोडण्यांचं उद्दिष्ट चुकतं, आणि उशिराचं खापर फोडायला तिला कारण मिळतं.

शिवाय परवाना भौगोलिक क्षेत्राला मिळतो. लातूर आणि धाराशिव मिळून एक क्षेत्र, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर मिळून दुसरं. कंपनीने "जोडण्यांचं उद्दिष्ट गाठलं" असं सांगितलं तर तालुकावार आकडे मागा, नाहीतर सगळ्या जोडण्या एकाच शहरात सापडायच्या.

जमिनीची चूक, जी तहसीलमध्येच टळते

सर्वात जास्त भांडणं इथे होतात. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार कंपनी जमीन विकत घेत नाही, पाइप टाकण्याचा वापरहक्क घेते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मोबदला म्हणजे त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के. उभ्या पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस. दहा टक्के कमी वाटतात हे मान्य, पण मालकी जात नसल्याने महामार्गासारखा हिशेब इथे बसत नाही. व्यासपीठावरून भलतं आश्वासन दिलंत तर पुढची सगळी मोजणी अडून बसेल.

पाइप टाकून झाल्यावर त्या पट्ट्यात सोयाबीन, हरभरा, कापूस घेता येतो. घर, विहीर, तळं आणि झाड मात्र नाही. आता हे मराठवाड्यात ठेवून बघा. इथला शेतकरी अर्ज करतो तो विहिरीचा, शेततळ्याचा नाहीतर फळबागेचा. पंचायत समिती विहीर मंजूर करते, कृषी खातं शेततळं देतं, आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना कुणीच वाचत नाही. वाचला तरी नोंद नसते, कारण फेरफार झालेलाच नसतो. खड्डा अर्धा झाला की पाइपलाइनवर गस्त घालणारा माणूस येऊन काम थांबवतो. तोवर पोकलेनचं भाडं शेतकऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं.

उपाय साधा आहे. वापरहक्काची नोंद फेरफाराने इतर हक्कात घ्यायची आणि बाधित गटांची यादी तहसील, पंचायत समिती व तालुका कृषी अधिकारी या तिघांकडे द्यायची. जालना-पैठणकडच्या मोसंबीच्या बागांमध्ये काम सुरू होण्याआधी शेतकऱ्यासमोर पंचनामा करून झाडं मोजा, फोटो काढा. नंतर प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

"गॅस आला की उद्योगाला स्वस्त इंधन"

स्वस्त देशी गॅस आधी घरगुती पाइप जोडणीला आणि सीएनजीला जातो. सरकारी कंपन्यांच्या जुन्या तेल-गॅस क्षेत्रांतल्या या गॅसचा दर एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के धरतात आणि त्याला वरची मर्यादाही आहे. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्याला बहुतेक वेळा आयात एलएनजीच्या, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसच्या भावाने गॅस घ्यावा लागतो. २०२२ मध्ये तो भाव भडकला तेव्हा गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी गॅस सोडून प्रोपेन धरला. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजी-पीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, हे चांगलंच झालं. तरी नैसर्गिक गॅस जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे कारखानदाराला त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. गुंतवणूकदाराला हे आधीच सांगा.

प्रेसमडचं गणित बारा महिन्यांचं मांडणं

खरा स्थानिक गॅस इथे आहे: प्रेसमडपासून होणारा बायोगॅस. २०१८ मध्ये त्यासाठी केंद्राची 'सतत' योजना आली. आता शहर गॅस कंपन्यांना बायोगॅस मिसळणं बंधनकारक आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ मध्ये ५ टक्के. मागणी राहणार, म्हणून कारखान्याशेजारी प्रकल्पाचे प्रस्ताव येतात. त्यात हमखास चूक असते ती हंगामाची.

एक टन गॅसला साधारण २५ टन प्रेसमड लागतं. दिवसाला १० टनांच्या प्रकल्पाला रोज २५० टन. उसाच्या साडेतीन टक्के प्रेसमड धरलं तर रोज सात हजार टनांच्या आसपास गाळप हवं, तेही गाळप चालू असेल तोवर. पाऊस हुकलेल्या वर्षी पट्टा लवकर पडतो, म्हणजे गाळप लवकर संपतं. उरलेल्या महिन्यांसाठी ढीग लावला तर उघड्यावर तो तापतो आणि त्यातला गॅस उतरतो. म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी शोधा: हंगामाबाहेर कच्चा माल कुठला, पाणी कुठून, आणि निघालेलं सेंद्रिय खत कोण उचलणार. "नेपियर गवत लावू" हे उत्तर आलं तर पाण्याचा प्रश्न पुन्हा विचारा. दुष्काळी तालुक्यात गवताला पाणी देऊन गॅस काढणं मला तरी पटत नाही.

सीएनजी पंपावर रांग

नेहमी तुटवडाच असतो असं नाही. पाइप न पोचलेल्या पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रक लांबला की दाब उतरतो, गाडी अर्धीच भरते; वीज गेली की कॉम्प्रेसर बंद. कंपनीकडे ट्रकच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आणि जनरेटरची स्थिती विचारा.

खोदाईची चूक

नळयोजनेचा जेसीबी गॅसच्या प्लॅस्टिक पाइपला लागतो, तेव्हा ठेकेदार म्हणतो, "नकाशा दिला नव्हता." केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप २०२३ पासून आहे. कार्यारंभ आदेशातच अट घाला: खोदाईआधी ॲपवर नोंद, कंपनीचा माणूस जागेवर, नुकसान ठेकेदाराकडून वसूल. पाइप फुटलाच तर तिथल्या तिथे यंत्रं थांबवा, आजूबाजूला काहीही पेटवू देऊ नका, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला माणसं हटवा आणि कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. माती टाकून गळती बुजवायला कुणालाही पुढे जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह कंपनीची माणसंच बंद करतील.