एक्स्टेंडेड वॉरंटी: दुकानात लगेच हो म्हणू नका

भाव करून झाला, कार्ड स्वाइप करायला काढलं की सेल्समन हळूच म्हणतो, सर फक्त 3,000 मध्ये अजून 2 वर्षं वॉरंटी देतो. 40,000 चा एसी घेतोय म्हटल्यावर 3,000 चं काही वाटत नाही, आणि हाच त्याचा डाव असतो. "नंतर बघतो" म्हणा आणि निघा. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत स्वतःचीच एक्स्टेंडेड वॉरंटी विकतात, त्यामुळे घाई दुकानदाराला असते, आपल्याला नाही.

घरी येऊन वॉरंटी कार्ड वाचा. फ्रिजवर 10 वर्षांचा मोठा स्टिकर असतो पण तो नुसत्या कॉम्प्रेसरचा, बाकी फ्रिजला बहुतेक वेळा 1 वर्षच. वॉशिंग मशीनच्या मोटरचीही तीच गत. म्हणजे जे आधीच कव्हर आहे त्याचे पुन्हा पैसे देत नाही ना, हे बघायचं. इन्व्हर्टर एसीचं पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) आणि मोठ्या टीव्हीचं पॅनल (म्हणजे स्क्रीन), खिसा रिकामा करणारे पार्ट हे, पॅनल गेलं तर कधीकधी नवीन टीव्ही परवडतो. या दोन वस्तूंना मी वॉरंटी वाढवायचा विचार करेन, त्यातही समुद्राजवळ राहत असाल तर एसीला नक्की, खारी हवा कॉइल खाते, फक्त गंज कव्हर आहे का ते आधी विचारा नाहीतर उपयोग शून्य. मिक्सर, इस्त्री, इअरफोन, अजिबात नको. मोबाईल पडून स्क्रीन फुटली तर साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत ते येतच नाही, त्याला डॅमेज प्रोटेक्शन वेगळं असतं.

घ्यायचीच ठरली तर प्लॅन कंपनीचा की दुकानाचा हे आधी विचारा. दुकानाच्या प्लॅनमध्ये कधीकधी घसारा कापतात, म्हणजे वस्तू जुनी झाली की पैसे कमी. उंदराने वायर कुरतडली, पाल शिरून बोर्ड शॉर्ट झाला, व्होल्टेज वरखाली झालं, हे सहसा वगळलेलं असतं, आणि आपल्याकडे बिघडतं ते नेमकं ह्यानेच 😀 गॅस भरणं, व्हिजिट चार्ज धरलाय का तेही बघा.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आमचा एक क्लेम तेवढ्यासाठी महिनाभर लटकला होता. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, तो गुळगुळीत कागद वर्षभरात कोरा होतो. क्लेमला टाळाटाळ केली तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.