जुन्या कार वॉश यंत्रातील अधूनमधून येणारा बिघाड शोधताना या चुका टाळा

स्वयंचलित कार वॉश यंत्र पूर्ण बंद पडले, तर दुरुस्ती तुलनेने सोपी असते, कारण बिघाड जागेवरच असतो आणि मीटर लावला की सापडतो. खरी कसोटी लागते ती दहा गाड्या व्यवस्थित धुऊन अकराव्या गाडीवर मध्येच थांबणाऱ्या आणि रीसेटचे बटण दाबताच काहीच न घडल्यासारखे चालू होणाऱ्या यंत्रापाशी. वर्षानुवर्षे पाणी, रसायने आणि पुढे-मागे होणारी हालचाल सोसलेल्या यंत्रात असा बिघाड कधीही, कसाही येतो असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो ओलावा, हालचाल, उष्णता किंवा विद्युतभार यांपैकी एखादी परिस्थिती जुळून आली की येतो आणि ती सरली की नाहीसा होतो. ही परिस्थिती ओळखण्याआधीच पाना-पेचकस हातात घेतल्यामुळे पुढील बहुतेक चुका होतात.

आधी रीसेट, मग विचार

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. यंत्र थांबलेले असते त्या क्षणी पडद्यावरील फॉल्ट कोड, पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाच्या) इनपुट-आउटपुटचे पेटलेले व विझलेले दिवे, गँट्री (ब्रश आणि फवारे घेऊन गाडीवरून पुढे-मागे सरकणारी चौकट) रुळावर नेमकी कुठे उभी आहे आणि धुण्याचा कोणता टप्पा चालू होता, हा सारा पुरावा उपलब्ध असतो, आणि रीसेट करताच तो पुसला जातो. म्हणून यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाला एकच सवय लावावी: पडद्याचा आणि पॅनेलमधील पीएलसीचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय रीसेट करायचे नाही. पॅनेल उघडण्याचा अधिकार त्या व्यक्तीला नसेल, तर निदान पडद्याचा फोटो आणि गँट्रीची जागा तरी नोंदवून घ्यावी. सोबत वेळ, गँट्री पुढे जात होती की मागे येत होती, आणि ती दिवसाची पहिली गाडी होती की सलग काम चालू होते, हे वहीत लिहावे.

अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की त्या बोलू लागतात. यंत्र प्रत्येक वेळी रुळाच्या एकाच भागात थांबत असेल, तर संशय हलत्या केबलवर जातो. ते केवळ पाण्याच्या टप्प्यात थांबत असेल, तर कुठेतरी पाणी शिरत असते. सलग काही तास चालल्यानंतरच अडत असेल, तर उष्णतेचा विचार करावा लागतो, आणि ठरावीक वेळीच अडत असेल, तर त्या वेळी फोटो सेन्सरच्या (प्रकाशाचा किरण अडला की समोर काही असल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरच्या) रिसीव्हरवर थेट ऊन पडते का, हे पाहावे.

फॉल्ट कोड शब्दशः घेणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. ‘गँट्री वेळेत पोहोचली नाही’ या संदेशाचा अर्थ एवढाच, की पीएलसीला अपेक्षित सिग्नल मिळाला नाही. मग दोष सेन्सरमध्ये असेल, ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणात) असेल, अडकलेल्या ब्रेकमध्ये असेल किंवा ओल्या रुळावर घसरणाऱ्या चाकातही असेल.

अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे

सेन्सर बदलला आणि यंत्र चार दिवस नीट चालले, म्हणजे सेन्सरच खराब होता असे सिद्ध होत नाही. तो बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवला जातो, त्याच्या पिनांवरील गंज घासला जातो, केबल थोडी हलते आणि तेवढ्याने दोष काही दिवस झाकला जातो. दोन-तीन भाग एकदम बदलले, तर मूळ कारण कधीच कळत नाही. त्यापेक्षा दोन सारख्या सेन्सरांची अदलाबदल करून दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या जागी जातो की मूळ जागीच राहतो, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा.

थांबलेल्या, कोरड्या यंत्रावर केबल तपासणे

माझ्या मते जुन्या गँट्री यंत्रात सर्वांत आधी संशय घ्यावा तो ड्रॅग चेनमधील (केबल धरून गँट्रीबरोबर वळणाऱ्या साखळीतील) किंवा लोंबत्या केबलवर. प्रत्येक धुण्यात ती त्याच ठिकाणी वाकते आणि सरळ होते, त्यामुळे आवरण शाबूत दिसत असताना आतील तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. शेवटची एखादी तार उरलेली असली, तरी मल्टिमीटर कंटिन्युइटीचा, म्हणजे तार अखंड असल्याचा, आवाज देतो आणि केबल ‘चांगली’ ठरते. भार आला की मात्र व्होल्टेज कोसळते. म्हणून तपासणी भाराखाली आणि हालचालीत करावी. मीटरमधील किमान-कमाल नोंदीची सोय चालू ठेवून, गँट्रीच्या दूरच्या टोकाला सेन्सरचा पुरवठा मोजत गँट्री हळू वेगाने संपूर्ण रुळावर फिरवावी. मीटर गँट्रीवरच नीट बांधून ठेवावा. चालत्या यंत्राबरोबर कोणीही आत चालू नये.

येथे आकडे उपयोगी पडतात. २४ व्होल्टच्या नेहमीच्या पीएलसी इनपुटला १५ व्होल्टच्या वरचा सिग्नल ‘चालू’ आणि ५ व्होल्टच्या खालचा ‘बंद’ म्हणून खात्रीने समजतो. मधल्या पट्ट्यात तो काय समजेल याची हमी नसते. जुनी तार, गंजलेले टर्मिनल आणि थकलेला पॉवर सप्लाय मिळून सिग्नलला या पट्ट्यात ढकलतात आणि एकच दिवा कधी पेटतो, कधी नाही. पॉवर सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून वरच्या कप्प्यात तापणारा जुना सप्लाय रिकाम्या स्थितीत २४ व्होल्ट दाखवत असला, तरी सर्व सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह) एकदम ओढले जातात त्या क्षणी मोजल्याशिवाय त्याला निर्दोष ठरवू नये.

संशयित तारेऐवजी केबलमधील मोकळी तार वापरून पाहणे ही चांगली चाचणी आहे, परंतु तिला कायमची दुरुस्ती समजू नये. शेजारच्या सर्व तारा त्याच वयाच्या असतात. केबल पूर्ण बदलावी. बदलताना ड्राइव्हच्या मोटर केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) अर्थला नीट जोडावी आणि नव्या डीसी व्हॉल्व्ह कॉइलवर सप्रेशन डायोड (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) आहे ना, हे पाहावे. ही दोन कामे राहून गेली की नवे, विचित्र बिघाड सुरू होतात.

पाण्याचा माग चुकीच्या वेळी काढणे

सकाळी, यंत्र रात्रभर वाळल्यानंतर जंक्शन बॉक्स उघडला, तर फार तर हिरवट-पांढरी पुटे दिसतात. बॉक्स सलग काम झाल्यावर, अर्थातच मुख्य पुरवठा बंद करून व कुलूप लावून, उघडावा. वरच्या बाजूने आत येणारी केबल पाणी थेट ग्लँडपर्यंत (केबल बॉक्समध्ये घेणाऱ्या घट्ट तोंडापर्यंत) आणते. शक्य तेथे केबल खालून घ्यावी आणि ग्लँडपूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा. सगळीकडे सिलिकॉन फासणे हा उपाय नव्हे. त्यामुळे आत दमट हवेचे थेंब कोंडतात, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडून तांबे गंजवते. मोटरचे इन्सुलेशन मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासायचे असेल, तर तीही तपासणी ओल्या अवस्थेतच करावी, मात्र ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक भाग आधी वेगळे करून. अन्यथा मेगरच त्यांना निकामी करील. ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी त्यावर छापलेला कपॅसिटर रिकामे होण्याचा अवधी पाळावा. गळती प्रवाहाचा ब्रेकर वारंवार पडतो म्हणून त्याला बगल देणे हा तर ओल्या जागेत माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

यांत्रिक झीज सेन्सरच्या माथी मारणे

रुळ आणि चाके झिजली की गँट्री डोलू लागते आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आल्याचे ओळखणारा सेन्सर) व त्याच्यासमोरील पट्टी यांतील अंतर वाढते. एम १८ आकाराच्या, धातूत समतल बसणाऱ्या सामान्य सेन्सरची धातू ओळखण्याची नाममात्र क्षमता बहुधा ५ मिलिमीटर असते, पण खात्रीची क्षमता तिच्या ८१ टक्के, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरच, तीही साध्या पोलादासाठी. गँट्री दोन्ही बाजूंना ढकलून हे अंतर मोजावे. फोटो सेन्सरची संवेदनशीलता वाढवत नेण्याआधी त्याच्या काचेवरील क्षारांचा थर काढावा आणि ब्रॅकेट सैल झाले आहे का, ते पाहावे. पाण्याचा दाब अधूनमधून पडत असेल, तर पंप खोलण्यापूर्वी गाळणी, टाकीची पातळी आणि पंपाच्या ओढीच्या बाजूने शिरणारी हवा तपासावी.

‘तात्पुरता’ जंपर आणि विसरलेली बॅटरी

आपत्कालीन थांब्याची बटणे एकाच साखळीत जोडलेली असतात आणि त्यांपैकी एखादा संपर्क गंजला की यंत्र कारणाशिवाय थांबल्यासारखे वाटते. त्यावर जंपर, म्हणजे संपर्काला बगल देणारी तार, टाकून गाड्या धुणे कोणत्याही स्थितीत करू नये. साखळीतील प्रत्येक बटणानंतर व्होल्टेज मोजत गेल्यास दोषी संपर्क सापडतो. जुन्या पीएलसीपैकी अनेकांत प्रोग्राम बॅटरीच्या आधाराने टिकतो. म्हणून बॅटरीचा इशारा दिवा दिसताच आधी प्रोग्रामची प्रत काढून ठेवावी आणि मगच, निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे, बॅटरी बदलावी.

दुरुस्ती झाल्यावर एक गाडी नीट धुतली गेली म्हणून काम संपले असे समजू नये. नोंदवहीत जी परिस्थिती दिसली होती, तीच मुद्दाम निर्माण करावी: दोष उष्णतेत येत असेल तर यंत्र तासन्‌तास सलग चालवावे, ओलाव्यात येत असेल तर पाण्याचे टप्पे पुन्हापुन्हा घ्यावेत, आणि रुळाच्या एखाद्या भागात येत असेल तर गँट्री तेथून मागे-पुढे वारंवार न्यावी. पूर्वी बिघाड साधारण किती धुण्यांमागे एकदा येत होता ते पाहावे आणि त्याच्या किमान तिप्पट धुणी निर्विघ्न होईपर्यंत नोंदवही चालू ठेवावी.