सप्टेंबरमध्ये गवत पेरताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांचे मला फोन यायला लागतात. लॉनवर बी टाकायचंय, कुठलं घेऊ? दर वर्षी मी एकच सांगते: आता थांबा, गणपती येऊ द्यात.

इथलं गवत, म्हणजे टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, पेरेनियल रायग्रास, हे थंडीचं पीक आहे. वसंतात पेरलं तर मुळं वीतभरही खाली जात नाहीत तोच जुलैचं ऊन येतं, आणि मधल्या काळात क्रॅबग्रास हे उन्हाळी तण डोक्यावर बसतं. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत मात्र जमीन उबदार असते, हवा गार झालेली असते आणि उन्हाळी तण उताराला लागलेलं असतं. शिवाय पहिला उन्हाळा सोसण्याआधी मुळांना एक शरद आणि एक वसंत असे दोन हंगाम मिळतात.

बहुतेक चुकांचं मूळ मला आपल्या हरळीत दिसतं. लहानपणापासून आपण पाहिलंय की हरळीची काडी कुठेही पडली तरी फुटते आणि जागा भरून काढते. टॉल फेस्क्यू तसं पसरत नाही, त्याचे ठोंब असतात. जिथे बी रुजलं नाही ती जागा पुढच्या वर्षीही उघडीच राहते. म्हणून त्याला शेतातल्या पेरणीसारखंच वागवावं लागतं. माझं माहेर शेतकऱ्याचं आहे आणि ही पेरणी मी त्याच काळजीने करते.

गॅरेजमधली उरलेली पिशवी

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कुणी बियाण्याचं विचारलं तर आधी गॅरेजमध्ये काय पडलंय ते विचारते.

ओळखीच्या एका दादांनी सगळं नीट केलं होतं. एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, भाड्याने आणून मातीच्या गुंड्या काढल्या, चांगलं टॉल फेस्क्यू आणलं, दिवसातून तीनदा पाणी दिलं. दिवाळीला आईवडील पुण्याहून येणार होते, त्यांना हिरवं अंगण दाखवायचं होतं. वीस दिवस झाले तरी एक पातं दिसेना, तेव्हा त्यांचा फोन आला. बी खराब निघालं, दुकानात परत करू का?

मी जाऊन नखाने माती उकरली. बी फुगलेलं होतं, फुटलेलंही होतं. पण मूळ टाचणीच्या डोक्याएवढं, आखूड आणि टोकाशी सुजलेलं. तिथेच ते थांबलं होतं. ड्राइव्हवेच्या कडेला पिवळे ठिपके दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. "दादा, खत कुठलं टाकलंत?" ते गॅरेजमधून अर्धी पिशवी घेऊन आले. पुढे मोठ्या अक्षरांत फर्टिलायझर, मागे बारीक अक्षरांत पेंडिमेथालिन, म्हणजे पिवळे डाग पाडणारं तणनाशक. एप्रिलमध्ये क्रॅबग्राससाठी आणलेली पिशवी उरली होती, ती त्यांनी पेरणीच्या दिवशी खत म्हणून फिरवली.

असली औषधं उगवत्या मुळाची वाढ थांबवतात. बी क्रॅबग्रासचं आहे की तुम्ही पैसे देऊन आणलेलं, हे त्यांना कळत नाही. आधीच्या गवताला काही झालं नाही, पण नवीन पेरणी पूर्ण गेली आणि त्यावर वर्षभर थांबण्यावाचून उपाय नव्हता.

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले आणि बुडाला भोकं पाडली. एकात त्यांच्या लॉनची माती, दुसऱ्यात दुकानातली कोरी माती. दोन्हींत चिमूटभर रायग्रास टाकलं, कारण ते आठवड्याभरात उगवतं. दोन्ही डबे सारखेच हिरवे झाले, तेव्हाच मी पेरणीला हो म्हटलं. जमिनीवर आधी काय पडलंय याची शंका असेल तर ही परीक्षा घ्याच.

पिशवीवर प्रोडायमीन, डायथायोपिर किंवा पेंडिमेथालिन हे शब्द दिसले तर ती पेरणीच्या आसपास नको. सिड्युरॉन आणि मेसोट्रायोन ही दोन औषधं पेरणीच्या वेळी चालतात, तीही लेबलवर तुमच्या गवताचं नाव वाचूनच. रुंद पानाच्या तणाचं औषध मिसळलेलं 'वीड अँड फीड'सुद्धा कोवळ्या रोपांना भाजतं. नवीन गवताची निदान तीन वेळा कापणी होईपर्यंत मी ते जवळ आणत नाही.

हिरवं दिसलं म्हणून पाणी बंद

दुकानातल्या बहुतेक पिशव्यांत तीन-चार जातींचं मिश्रण असतं. रायग्रास पाच ते दहा दिवसांत वर येतं, टॉल फेस्क्यूला एक ते दोन आठवडे लागतात आणि केंटकी ब्लूग्रासला दोन ते चार. आठव्या दिवशी अंगणावर हिरवी झाक आली की लोक फोटो काढतात आणि नळ बंद करतात. त्याच वेळी ब्लूग्रासचं बी मातीत फुगलेलं असतं. एकदा फुगलेलं बी वाळलं की ते पुन्हा जागं होत नाही. मग वसंतात गवत विरळ दिसतं आणि दोष बियाण्याच्या माथी जातो.

माझी पद्धत अशी: पहिले दोन-तीन आठवडे सकाळी, दुपारी आणि साडेतीन-चारला दहा-दहा मिनिटं. वरचा अर्धा इंच ओला राहिला पाहिजे, पण पाणी साचता कामा नये. रात्री पाणी नाही, कारण रात्रभर ओली राहिलेली कोवळी रोपं बुरशीने बुडाशी कुजतात. सगळं उगवलं की हळूहळू वेळा कमी करत पाणी खोल द्यायचं, शेवटी आठवड्याला एक इंच. स्प्रिंकलरखाली सपाट डबा ठेवून मोजा, अंदाजाने नको. ज्यांना तीन आठवडे घरी थांबणं शक्य नाही, त्यांनी टायमर घ्यावा किंवा पेरूच नये. मधल्या लाँग वीकेंडला सहलीला जाऊन आल्यावर मला विचारू नका.

कडक जमिनीवर बी फोकणं

एडिसन, सॉमरसेटकडची लाल चिकणमाती पावसाळी बूट घालून तुडवली की विटेसारखी होते. त्यावर बी फोकलं तर ते पक्ष्यांना जातं किंवा पहिल्या सरीबरोबर रस्त्यावर. बी मातीला चिकटलं पाहिजे, जेमतेम पाव इंच खोल. मी आधी गवत दोन इंचांवर कापते, मग एरेटर दोनदा, उभा आणि आडवा. पण वापसा आल्यावरच. चिखलात तो चालत नाही आणि कोरड्यात दात घुसत नाहीत. पेरणीनंतर दाताळं उलटं करून हलक्या हाताने फिरवते आणि वर पीट मॉसचा, म्हणजे दलदलीतल्या वाळलेल्या शेवाळाचा, पातळ थर. पेंढा घेतलात तर तो गव्हाचा, स्वच्छ असावा. जनावरांची वैरण पसरलीत तर वर्षभर तण उपटाल.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जास्त बी म्हणजे दाट गवत नव्हे. हजार चौरस फुटांना टॉल फेस्क्यू नव्या जागेत सहा ते आठ पाउंड, जुन्या लॉनमध्ये त्याच्या निम्मं. रोपं एकमेकांत गुदमरून मरतात, हे मुळ्याची विरळणी केलेल्या कुणालाही सांगावं लागू नये.

स्वस्त पिशवी घेण्याआधी मागचं लेबल वाचा. ॲन्युअल रायग्रास पहिलं वर्ष संपेतो जातं. बियाण्यावर लेप असेल तर वजनाचा मोठा वाटा त्या लेपाचाच असतो, निम्म्यापर्यंतही.

जागा तपकिरी झाली म्हणजे पाणी कमी पडलं असंच नाही. गवत गालिच्यासारखं उचललं गेलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, आहे. आधी तिचा बंदोबस्त करा, मग पेरा.

चुना अंदाजाने टाकू नका. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवा.

पहिली कापणी साडेतीन-चार इंचांवर, धार लावलेल्या पात्याने, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. बोथट पातं कोवळं रोप मुळासकट उपटतं.

मेपलचा पाचोळा नव्या गवतावर चार दिवस ओला राहिला तर खाली पिवळं पडतं. दाताळं नको, ब्लोअर हलक्या वेगावर.

खताबद्दल इथला कायदा 2011 चा आहे. फॉस्फरस, म्हणजे पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, नवीन पेरणीसाठी किंवा माती परीक्षणात कमतरता निघाली तरच टाकता येतो. घरमालकांना 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायला मनाई आहे. हे खत पावसाबरोबर ओढ्यांत जातं, म्हणून मी फुटपाथवर सांडलेले दाणेही झाडून परत लॉनवर टाकते.

उशीर झालाच असेल तर

ऑक्टोबरचा मध्य उलटला असेल तर घाईने बी टाकू नका. अर्धवट रुजलेलं रोप थंडीत मरतं. पाचोळा काढा, एरेटर फिरवा आणि डिसेंबरपर्यंत थांबा. जमीन इतकी गार झाली की बी उगवणारच नाही, तेव्हा ते फोकून ठेवता येतं. हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते तशा भेगांत ते आपोआप खाली बसतं आणि मार्चअखेरीस उगवतं. काही बी वाया जातं, म्हणून मी तेव्हा थोडं जास्त घेते. आणि त्या वसंतात क्रॅबग्रासची ती पिशवी गॅरेजमध्येच राहू द्या.