ओढ्याकाठचा विज्ञानाचा तास

प्राथमिक शाळेतल्या मुलांना ओढ्यावर नेताना किड्यांची नावे आधी पाठ करून घेऊ नका. आधी नुसते शोधू द्या.

जागा स्वतः पाहून ठेवा. पाणी मुलांच्या गुडघ्याखाली आणि तळ दिसणारे हवे. सांडपाणी मिसळणारा ओढा नको. वरच्या अंगाला पाऊस असेल तर बेत सरळ रद्द करा, कारण आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा चढू शकतो. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. सोबत बारीक जाळी, पांढरी थाळी, भिंग, मऊ ब्रश आणि बर्फाचा ट्रे घ्या. ट्रेच्या खणांत पाणी भरून सापडलेले जीव वेगवेगळे ठेवता येतात.

सुरुवात खळाळापासून करा. एकाने जाळी तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या अंगाला पायाने दगड-वाळू ढवळायची. निघालेले जीव प्रवाहाबरोबर जाळीत येतात. जाळी थाळीतल्या पाण्यात उलटी करा. आधी नुसता काडीकचरा दिसेल. मुले हिरमुसतात, पण दोन मिनिटे थांबायला लावा. त्यातला थोडा कचरा चालू लागतो!

आता प्रश्न विचारा. शेपट्या किती? तीन असतील आणि पोटाच्या कडेला कल्ले फडफडत असतील तर ते बहुधा मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याचे पिल्लू. दोन असतील तर स्टोनफ्लाय या दुसऱ्या उडणाऱ्या किड्याचे असू शकेल. वाळूच्या कणांची नळी अंगावर घेऊन सरपटणारी असते ती कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी. ही नळी ती स्वतःच्या रेशमाने चिकटवून बनवते. मुलांना हीच सगळ्यांत आवडते, असा माझा अंदाज.

मग हेच संथ डोहात करा. तिथल्या गाळात लालभडक अळ्या सापडू शकतात. खळाळात आणि डोहात वेगळे जीव का? उत्तर लगेच देऊ नका. फेस कुठे आहे ते पाहायला सांगा. उसळत्या पाण्यात हवा मिसळते, प्राणवायू वाढतो. लाल अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून ती कमी प्राणवायूतही तगते.

वेग मोजायला १० मीटर अंतर आखून काडी सोडा. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर.

जीव होते तिथेच सोडा, उचललेले दगड पूर्वीच्याच बाजूने ठेवा, साबणाने हात धुवा. एका भेटीवरून ओढा स्वच्छ की घाण हे ठरवू नका. मोठ्या पावसात बरेच जीव वाहून जातात. दुसऱ्या ऋतूत त्याच जागी पुन्हा जीव शोधून मोजा.